मांडीत जाणवतंय का

फॉर्मवर एकोणीस प्रश्न होते आणि मॅडम ते एका दमात वाचत सुटल्या होत्या. हृदयाचा त्रास? नाही. छातीत पेसमेकर? नाही. मूतखडा, पित्ताचे खडे? नाही. गेल्या सहा महिन्यांत ऑपरेशन? नाही. गरोदर आहात का?

"अजून तरी नाही," धडधड्या म्हणाला.

मॅडम हसल्या. फिजिओथेरपीच्या मॅडम, वय असेल अठ्ठावीस-एकोणतीस, केस घट्ट बांधलेले, गळ्यात शिट्टी. शेवटचा रकाना व्यवसायाचा होता. "निवृत्त," तो म्हणाला. त्यांनी 'निवृत्त' लिहिलं आणि फॉर्म फाइलला लावून टाकला. कशातून निवृत्त, हे विचारायला फॉर्मवर जागाच नव्हती. असले फॉर्म बनवणाऱ्यांना बहुतेक वाटतं, की साठी उलटलेली माणसं जन्मतःच निवृत्त असतात. धडधड्यालाही आपणहून सांगायचं नव्हतं. सांगितलं तर त्या हात बघतील, आणि हात बघितले तर 'हे यंत्र तुमच्यासाठी नाही' म्हणतील, अशी त्याला धास्ती होती.

त्याने एकतीस वर्षं रस्ते फोडले होते. ब्रेकर म्हणतात त्या यंत्राला. कॉम्प्रेसरची नळी लावलेला, कानांसारख्या दोन मुठींचा, तीस किलोंचा लोखंडी राक्षस. तो डांबरात उभा रोवायचा, कान दाबायचे आणि तासन् तास धडधडत राहायचं. नाव त्यावरूनच पडलं, आणि इतकं पक्कं पडलं की लग्नात नवरीच्या मामांनीसुद्धा त्याला धडधडेराव म्हणून हाक मारली होती. त्या यंत्राने त्याला घर दिलं, लेकीचं शिक्षण दिलं आणि त्याची बोटं नेली. आधी थंडीत पांढरी पडायची. मग बाराही महिने पांढरी पडायला लागली. शेवटच्या काही वर्षांत त्याला बोटांनी काहीच कळेनासं झालं. हातात कप आहे की नाही हे तो बघून ठरवायचा. शर्टाची बटणं तर बायकोच लावायची, रोज सकाळी, उंबऱ्यात उभी राहून, वरून खाली सहा.

आणि आता त्या बायकोलाच अर्धांगाचा झटका येऊन आठ महिने झाले होते. वाचा परत आली, थोडी जड, पण तिखटपणा तसाच. डावा हात आणि डावा पाय मात्र गेला तो गेलाच. तिला पलंगावरून चाकाच्या खुर्चीत, खुर्चीतून संडासात, तिथून परत पलंगावर, असं दिवसातून दहा वेळा उचलायचं म्हणजे त्याच्या नाकी नऊ यायचे. हातांचं तो निभावून न्यायचा. तिच्या कमरेला रुंद पट्टा बांधून त्यात मनगटापर्यंत हात खुपसायचा, म्हणजे बोटांचं काम उरत नसे. पण मांड्या दगा द्यायच्या. निवृत्तीनंतरच्या बैठ्या वर्षांत त्या पार वाळून गेल्या होत्या. सहाव्या महिन्यात न्हाणीघरात दोघंही पडली. शेजारीण येईपर्यंत पाऊण तास तशीच ओल्या फरशीवर पडून राहिली.

"अहो," बायको छताकडे बघत म्हणाली होती, "इतका वेळ एका जागी निवांत आपण लग्नानंतर पहिल्यांदाच बसलोय."

"बसलोय कुठं? पडलोय."

"तेच ते."

लेक दुसऱ्या शहरातून धावत आली, रडली, भांडली आणि शुश्रूषा केंद्रात आईचं नाव घालून मोकळी झाली. तिचं काही चुकलं असं म्हणवत नाही. पण धडधड्या चार दिवस तिच्याशी धड शब्द बोलला नाही. शेवटी तोडगा काढला तो घरी तपासायला येणाऱ्या मोठ्या सिस्टरनी. त्या कमी बोलत आणि बोलतील ते करत.

"बारा आठवडे देते. पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर, लागोपाठ तीन वेळा. मी समोर उभी राहीन, हात लावणार नाही. जमलं तर त्या घरी राहतील. नाही जमलं तर केंद्रातली जागा घ्यायची, आणि मग वाद घालायचा नाही."

गुडघे झिजलेले, त्यामुळे वजन घेऊन उठाबशा काढायच्या नाहीत. डंबेल हातात राहत नाहीत, हे त्याने डॉक्टरांना 'सांधे आखडलेत' एवढ्यावर भागवून सांगितलं. म्हणून डॉक्टरांनी प्लेट सुचवली. खाली मोटर बसवलेली ती चौकोनी फळी सेकंदाला तीस वेळा थरथरते. तिच्यावर गुडघे जरा वाकवून नुसतं उभं राहायचं. थरथर पायांतून वर चढते, आणि तिला तोंड देता देता मांड्यांचे स्नायू आपोआप आवळतात, सुटतात, आवळतात. एक मिनिट उभं राहायचं, एक मिनिट बसायचं, असं सहा वेळा. आठवड्यातून तीन दिवस.

धडधड्याला हे ऐकून आधी हसू आलं, मग जरा रागही आला. एकतीस वर्षं थरथरून जे गेलं ते परत मिळवायला पुन्हा थरथरायचंच होतं तर निवृत्त तरी कशाला झालो, असं तो बायकोला म्हणाला.

"तेव्हा पगार द्यायचे," ती म्हणाली. "आता बायको देतायत. सौदा वाईट नाही."

मॅडमच्या हॉलमध्ये अशा चार प्लेटा ओळीने मांडलेल्या होत्या. प्रत्येकीला समोर कमरेच्या उंचीवर आडवा दांडा. शेजारच्या प्लेटवर एक जाडजूड शिंपी यायचे, पलीकडे शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई. यंत्र सुरू झालं की बाईंचे गाल हलायचे आणि शिंपी काही बोलायला गेले की त्यांच्या तोंडून "मा-आ-आ-झं ब्ल-अ-अ-ड प्रे-ए-ए-शर" असं काहीतरी बाहेर पडायचं. सगळा हॉल हसायचा. धडधड्या मात्र प्लेटवर उभा राहून त्यांना सरळ, स्वच्छ आवाजात हवापाण्याच्या गोष्टी सांगायचा.

"काका, तुमचा आवाज कसा हो हलत नाही?" मॅडमनी दुसऱ्याच दिवशी विचारलं.

त्याची छाती फुगली. "सवय लागते," एवढंच तो म्हणाला.

"टाचा टेकलेल्या ठेवा. दांडा नुसता धरायचा, भार द्यायचा नाही. मांडीत जाणवतंय का?"

"जाणवतंय की."

हा प्रश्न मॅडम रोज विचारायच्या, चौघांना ओळीने, हातातल्या घड्याळाकडे बघत. आणि धडधड्या रोज तेच उत्तर द्यायचा. खरं तर त्याला मांडीत काहीही जाणवत नव्हतं. पण तो खोटं बोलत होता असंही नाही. काम बरोबर चाललंय ना, असंच काहीतरी त्या विचारतायत, असं तो समजून चालला होता, आणि त्याच्या हिशेबाने काम अगदी बरोबर चाललं होतं. ब्रेकरवर उभं राहायला शिकवलं तेव्हा मुकादमाने पहिल्याच दिवशी त्याच्या टोपीवर एक नट ठेवला होता. "यंत्र हलू दे," मुकादम ओरडला होता, "तू हलायचं नाहीस. नट पडला तर घरी जायचं." नट आठवडाभर पडत राहिला. मग हळूहळू अंगाला कळलं. टाच कागदाच्या जाडीइतकी उचलायची, गुडघे सैल सोडायचे, पोट आणि कोपरं यंत्रावर टेकवून निम्मं वजन त्याच्यावरच लादायचं आणि मांड्या अशा मोकळ्या ठेवायच्या की थरथरीला धरायला काही सापडूच नये. ज्याला काही जाणवत नाही तो पक्का गडी. ज्याला जाणवतं तो पाच वर्षांत कंबर धरून घरी बसतो. धडधड्याबरोबर लागलेल्या अकराजणांपैकी एकटा तोच एकतीस वर्षं टिकला, तो या कसबावर.

ते कसब प्लेटवर पाय ठेवताक्षणी त्याच्या अंगात आपोआप उभं राहायचं. त्याने बोलावलेलं नव्हतं, आणि ते आलंय हे त्याला कळतही नव्हतं. कोपरं दांड्यावर अशी अलगद टेकायची की बघणाऱ्याला वाटावं, धरलाय नुसता. मॅडमनाही तसंच वाटलं. चार प्लेटा आणि दोन डोळे, त्यांना तरी काय बोल लावणार?

घरी संध्याकाळी परीक्षा असायची. तीस सेकंदांत हात न टेकता खुर्चीतून किती वेळा उठता येतं ते मोजायचं. मोजायचं काम बायकोचं. घड्याळ उजव्या हातात धरून ती पलंगावरून पंचासारखी कडक नजर ठेवायची. पहिल्या दिवशी आठ झाले. तिसऱ्या आठवड्यात दहा. त्या दिवशी दोघांनी फोन करून लेकीला सांगितलं, आणि कितीतरी दिवसांनी तिघं एकत्र हसली. मॅडम म्हणाल्या होत्या की चौदापर्यंत गेलात तर तीन वेळा उचलणं अवघड नाही.

पाचव्या आठवड्यात दहाच. सातव्यात दहा. नवव्यात बायको "अकरा" म्हणाली, पण अकराव्यांदा तो अर्धवटच उठला होता हे दोघांनाही ठाऊक होतं.

"नीट मोज," तो म्हणाला.

"मोजलं की नीट."

"अगं, मला उगाच चढवू नकोस. सिस्टर समोर उभ्या राहणारेत."

तिने घड्याळ उशीवर पालथं ठेवलं. "दहा."

त्याने आणखी जोर लावला. आठवड्यातून तीनऐवजी पाच दिवस जायला लागला. मॅडमनी प्लेटचा वेग वाढवून पस्तीसवर नेला, आणि वेग वाढला तसा तो आणखी सफाईने उभा राहू लागला. शिंपी आता प्लेटवर एका पायावर उभे राहायचे आणि जिने चढून यायचे. बाईंनी काठी घरी ठेवली होती. त्यांच्या मांड्यांना जे कळत होतं ते आपल्या मांड्यांना का कळत नाही, या विचाराने धडधड्याला ग्रासलं. म्हातारपण, दुसरं काय, असं तो स्वतःला सांगायचा, पण बाई त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठ्या होत्या.

अकराव्या आठवड्यात शिंपी आले नव्हते, बाईंचं आटोपलं होतं. हॉलमध्ये तो एकटाच होता. मॅडम पहिल्यांदाच निवांतपणे त्याच्या प्लेटजवळ येऊन बसल्या. खाली, स्टुलावर. त्यांची नजर त्याच्या टाचांवर गेली. मग त्यांनी हात पुढे करून त्याच्या मांडीवर तळवा ठेवला. मशीन पस्तीसवर चालू होतं. तळवा तसाच राहिला. मग दुसऱ्या मांडीवर गेला.

"काका," त्या हळूच म्हणाल्या, "तुमची मांडी झोपलीय."

"म्हणजे?"

"म्हणजे कामच करत नाहीये. दांड्यावरचे हात काढा बरं."

त्याने हात काढले. कोपरं उचलताच तोल गेला, आणि सावरताना पहिल्यांदाच टाचा पूर्ण टेकल्या. थरथर एकदम पिंढरीतून, मांडीतून, कण्यातून वर चढली आणि त्याचे दात वाजले. तो घाबरून खाली उतरला.

"तुम्ही आधी काय काम करायचात?" मॅडमनी विचारलं.

त्याने सांगितलं. सगळं सांगितलं, नटासकट. मॅडम ऐकत राहिल्या आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. मग त्यांनी त्याचे हात मागितले, बोटं उलटसुलट करून बघितली, प्रत्येक नख दाबलं आणि रंग परत यायला किती वेळ लागतो ते पाहिलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मी विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "रोज जाणवतंय का म्हणून विचारत होते, आणि हे एकदाही विचारलं नाही."

"मी सांगायला हवं होतं."

"अकरा आठवडे तुम्ही या मशीनवर नुसते उभे होतात, काका. फरशीवर उभे राहिला असतात तरी एवढाच फायदा झाला असता."

एक आठवडा उरला होता. मॅडमनी आपणहून रोज सकाळची वेळ दिली, यंत्र अगदी हळू ठेवलं, दांड्यावर टॉवेल टाकून हात बाजूला ठेवायला लावले. धडधड्याने जिवाचं रान केलं. पण ज्या अंगाने एकतीस वर्षं एकच गोष्ट शिकली, ते सहा सकाळींत काय विसरणार? वीस सेकंद तो टाचा टेकवून धरायचा, आणि एकविसाव्या सेकंदाला टाच आपली आपण कागदाच्या जाडीइतकी वर. आयुष्यभर ज्याचा अभिमान बाळगला ते कसबच आता त्याला वैऱ्यासारखं वाटू लागलं. ते अंगातून ओरबाडून काढता आलं असतं तर त्याने काढलं असतं. शेवटच्या सकाळी तो प्लेटवर उभ्या उभ्या रडला. मॅडमनी मशीन बंद केलं आणि त्याच्याकडे पाठ करून त्या टॉवेलाच्या घड्या घालत राहिल्या.

बायकोला त्याने यातलं काही सांगितलं नाही. पण ती रोज सकाळी त्याची बटणं लावायची. झटक्यानंतरही तिने ते काम सोडलं नव्हतं. ती पलंगाच्या काठावर बसायची, तो समोर स्टुलावर बसायचा, आणि ती उजव्या हाताने एकेक बटण काजात ढकलायची. सहा बटणांना दहा मिनिटं लागायची. इतक्या जवळून माणूस काय लपवणार?

सिस्टर आल्या त्या दिवशी तिने सहावं बटण लावलं आणि म्हणाली, "अहो, पट्टा घट्ट बांधा. आणि मी वजन उजव्या पायावर घेईन तेवढं घेते. त्यांना दिसणार नाही."

"त्यांना सगळं दिसतं."

"मग दिसू दे."

पहिली खेप छान झाली. पट्ट्यात मनगटं खुपसून त्याने तिला उठवलं, वळवलं, खुर्चीत बसवलं. परत पलंगावर. सिस्टर हाताची घडी घालून दाराशी उभ्या होत्या. दुसऱ्या खेपेला त्याचा श्वास फुलला, पण तिने उजव्या पायाने असा काही रेटा दिला की ती जवळजवळ आपली आपणच उभी राहिली. तिच्या कपाळावर घाम आला होता. त्याच्या कानाशी ती म्हणाली, "एकच राहिली."

तिसऱ्या खेपेला दोघं खुर्चीपर्यंत गेली. परत येताना, तिला घेऊन तो उभा असताना, त्याच्या मांड्या थरथरायला लागल्या. आधी उजवी, मग दोन्ही. बारा आठवडे जी मांडीत यायला हवी होती ती थरथर, आता आली. जाणवली, अगदी हाडापर्यंत जाणवली. त्याने टाचा रोवल्या, दात आवळले, आणि तरी गुडघा वाकायचा थांबेना. बायको त्याच्या खांद्यावरून घसरत गेली. ती जमिनीला लागण्याआधी सिस्टरनी तिला धरलं.

सिस्टरनी तिला पलंगावर ठेवलं, उशी नीट केली आणि बॅगेतून कागद काढले. धडधड्या खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता. त्याचे पाय अजून थरथरत होते आणि ते थांबवावे कसे, हे त्या एवढ्या मोठ्या उस्तादाला कळत नव्हतं.

"तुम्ही खूप प्रयत्न केलेत," सिस्टर म्हणाल्या. त्याला वाटलं, त्यांनी एखादा अपमानाचा शब्द काढला असता तर निदान त्यांच्यावर तरी राग काढता आला असता.

केंद्र गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. दोन बस बदलून जावं लागे. भेटीची वेळ चार ते सहा. खोलीत दोन पलंग, दुसरा खिडकीकडचा, त्यावर एक आजी दिवसभर झोपलेल्या. लेक पहिल्या रविवारी येऊन गेली आणि जाताना बापाच्या गळ्यात पडली. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला, म्हणजे ठेवल्यासारखा केला.

दुसऱ्या आठवड्यातल्या एका संध्याकाळी बायकोने आपला डावा हात उजव्या हाताने उचलला आणि त्याच्या तळव्यात ठेवला. तिचे डोळे चमकत होते; त्याची बोटं कसली आहेत, याचा त्या भरात तिला विसर पडला होता.

"इथल्या बाई मला रोज शिकवतात. मनात आणायचं आणि दाबायचं. काल वाटलं, जरासं हललं. थांबा हं." तिने डोळे मिटले, ओठ आवळले, मानेची शीर वर आली. "दाबतेय. जाणवतंय का?"

तो त्या दोन हातांकडे बघत राहिला. एक तिचा, एक त्याचा, एकात एक. तिची बोटं हलली का? नाही हलली? नजरेला काही कळेना, आणि हाताला तर कळायचा प्रश्नच नव्हता. त्याने खूप बघितलं. तिने एक डोळा उघडला.

"जाणवतंय," तो म्हणाला. "जाणवतंय की!"

"खरंच?"

"अगदी."

ती लहान मुलीसारखी हसली. एवढं हसताना तिला त्याने वर्षभरात पाहिलं नव्हतं. तेवढ्यात गोळ्यांची ट्रॉली घेऊन नर्स आत आली, आणि तो नको नको म्हणत असतानाच बायको ओरडली, "अहो सिस्टर, दाबलं मी! यांना जाणवलं!"

नर्स आनंदाने पुढे आली. तिने तो हात त्याच्या तळव्यातून काढून आपल्या हातात घेतला. "वा! दाबा बघू."

बायकोने डोळे मिटले. मानेची शीर वर आली. नर्स वाट बघत राहिली. बराच वेळ बघत राहिली. मग हात हलकेच चादरीवर ठेवत म्हणाली, "उद्या पुन्हा करून बघू हं आजी," आणि ट्रॉली घेऊन पुढच्या पलंगाकडे गेली.

बायको त्याच्याकडे बघत होती. तो फरशीकडे. भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली तरी तो उठला नाही, म्हणून तिनेच उजवा हात पुढे केला. त्याच्या शर्टाची वरची दोन बटणं उघडी होती, तिसरं भलत्याच काजात गेलं होतं. तिने तिसरं काढलं, नीट लावलं, मग दुसरं, मग पहिलं. अजिबात घाई केली नाही.

"उद्यापासून बिनबटणांचा शर्ट घालत जा," ती म्हणाली.